सुभेदाराची गुटी

टँकरच्या हॉर्नची अनसूयाबाईंना धास्ती बसली, त्याला तीन आठवडे झाले होते. त्याआधी हाच हॉर्न कानावर पडला की त्यांना हायसं वाटायचं. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत गेलं की नव्या वसाहतीत त्यांची बारा घरांची इमारत. नळ सगळ्यांच्या घरी, अगदी चकचकीत. पाणी मात्र आठ-नऊ दिवसांतून एकदा, तेही मनात आलं तर. मागच्या वर्षी पावसानं पुरतं तोंड फिरवलेलं, त्यामुळे फेब्रुवारीपासूनच दिवसाआड टँकर सुरू झाला होता. टँकरवाला सखाराम वळणावरच्या कडुलिंबापाशी आला की हॉर्नवर हात ठेवायचा, तो कुणीतरी येऊन गेट उघडेपर्यंत काढायचाच नाही. माणूस भला, पण हॉर्नच्या बाबतीत त्याला दयामाया नव्हती.

आणि आता घरात सुभेदार होता.

सुभेदार म्हणजे दोनेक महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. तपकिरी रंग, एकच पाय पांढरा, पोट तेवढं टम्म. अनसूयाबाईंची सून हिमानी चिकलठाण्याच्याच एका औषध कारखान्यात, तपासणी विभागात नोकरीला. एका संध्याकाळी ती खोका घेऊन घरात आली आणि खोक्यात हे होतं. त्याची आई रस्त्याच्या कडेला पडली होती. टँकरखाली गेली, असं पानटपरीवाला म्हणाला. अनसूयाबाईंनी तिथल्या तिथं बजावलं, की स्वयंपाकघरात यायचं नाही, देवासमोर तर नाहीच नाही, आणि सोमवारपर्यंत काय ती दुसरीकडं सोय लावायची. कुठला सोमवार, ते बोलायचं राहून गेलं.

पिल्लू जे वॉशिंग मशीनच्या मागं जाऊन बसलं, ते दोन दिवस बाहेर येईना. अनसूयाबाईंचे यजमान व्यंकटराव पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी वाकून मशीनमागं पाहिलं आणि एवढ्या शूर माणसाला साधंसुधं नाव शोभणार नाही, म्हणून त्याला सुभेदार केलं. तिसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी आपलं जुनं मऊ पातळ घडी घालून मशीनमागं सरकवलं. फरशी गार असते, एवढंच त्या म्हणाल्या. मुलगा केयूर पुण्याला नोकरी करायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्यानं ते पातळ पाहिलं आणि शहाण्यासारखा गप्प बसला.

पण हॉर्न वाजला की या सुभेदाराचं काही खरं नसायचं. आधी नखशिखान्त थरथरायचा, जागीच ओलं करायचा, आणि मग मशीनमागून असं काही रडणं सुरू व्हायचं की ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत. टँकर रिकामा होऊन निघून गेला तरी तासभर ते थांबायचं नाही. अनसूयाबाई जमिनीवर पालथ्या पडून मशीनमागं हात घालायच्या, त्याच्या पाठीवरून बोटं फिरवायच्या. त्याचं काळीज बोटांना लागायचं. एवढंसं पिल्लू, आणि धडधड किती.

पहिल्या मजल्यावर शिवम आणि मंजुषा राहायचे. शिवम वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपणार. त्यात चार महिन्यांचं बाळ. सुभेदार रडायला लागला की बाळ उठायचं, बाळ उठलं की शिवम उठायचा. मंजुषानं कधी तक्रार केली नाही. ती तक्रार सोसायटीचे सेक्रेटरी तात्यासाहेब यांनी सगळ्यांच्या वतीनं केली. ते येऊन सोफ्यावर बसले, चहा घेतला, उन्हाळा फारच कडक आहे म्हणाले आणि कप खाली ठेवता ठेवता मुद्द्यावर आले. या रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घ्यावाच लागेल. तोवर कुत्रं शांत झालं तर ठीक. नाहीतर त्यांचं खुलताबादच्या डोंगराकडं शेत आहे, तिथल्या गड्याकडं देऊ, राखण करील. हॉर्नला घाबरणारं पिल्लू डोंगरात कसली राखण करणार, हे अनसूयाबाईंना चांगलं कळत होतं. त्या बाजूला बिबट्या फिरतो, असं व्यंकटराव कालच पेपरात वाचून दाखवत होते.

हिमानी दारातूनच ऐकत होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. पाण्याच्या त्या दिवसांत. अनसूयाबाईंना तेव्हा कळलं, की ही पोर आतून किती घाबरली आहे.

हिमानीनं आपल्या परीनं उपाय केलाच होता. रस्त्यापलीकडच्या वसाहतीत डॉक्टर श्रीरंग म्हणून जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी सुभेदाराचा जीव शांत व्हावा म्हणून गोळ्या दिल्या होत्या. सकाळी अर्धी, दह्यातून. डबीवर पांढऱ्या फुलाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की या गोळ्यांचा गुण हळूहळू येतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, पिल्लाला आवाजाची सवय लावायची, जवळ बसायचं, घाई करायची नाही. हिमानीचा त्यावर विश्वास होता. रोज सकाळी ती डबीतली गोळी सुरीनं मोडायची, दोन्ही तुकडे शेजारी ठेवून सारखे आहेत ना बघायची आणि मगच द्यायची.

अनसूयाबाईंचा तेवढा विश्वास नव्हता. दोन-तीन आठवडे म्हणे. रविवार पाच दिवसांवर आला होता. आणि फुलाचं चित्र काढून डबीत भरलेलं ते नैसर्गिक, तर मग आपण इतकी वर्षं सहाणेवर उगाळत आलो ते काय होतं?

कारण बाळगुटीच्या बाबतीत अनसूयाबाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. औरंगपुऱ्यात भाड्याच्या जागेत राहत होत्या तेव्हा आसपासच्या चार गल्ल्यांतल्या बाळंतिणी त्यांना विचारायला यायच्या. हिरडा किती, मुरडशेंग किती, बदाम किती. सहाणेवर कुठल्या मुळीचे किती वेढे फिरवायचे, हे बाळाकडं नुसतं बघून त्या सांगायच्या. सहाण ज्याची त्याची, वेढे अनसूयाबाईंचे. पोट दुखत असेल तर वेखंडाचा एक वेढा जास्त, आणि झोप नसेल तर जायफळ. जायफळाचे दोन वेढे आईच्या दुधात दिले की रडून लाल झालेलं पोर कसं शांत झोपतं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. या नव्या इमारतीतही मंजुषाच्या बाळाला त्यांच्याच मोजमापानं गुटी चालू होती. एवढा एक मान त्यांना आयुष्यात मिळाला होता आणि तो त्यांना फार प्रिय होता.

त्यांची स्वतःची सहाण केयूरनंतर कुणासाठी खाली आली नव्हती. मलमलच्या कपड्यात गुंडाळून वरच्या फळीवर होती. केयूरच्या लग्नाला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं त्यांनी विचारलं, तिसऱ्या वर्षी नुसतं बघितलं, आणि मग तेही सोडून दिलं. मंगळवारी दुपारी व्यंकटराव झोपलेले असताना अनसूयाबाई स्टुलावर चढल्या. सहाण हातात घेतल्यावर त्यांना क्षणभर कसंतरीच झालं. कुणासाठी जपली आणि कुणासाठी काढतोय. मग मशीनमागून एक बारीकसा आवाज आला आणि त्यांनी सहाण धुवायला घेतली.

जायफळाचे तीन वेढे, वेखंडाचा एक, थोडं दूध, मधाचं बोट. सुभेदारानं त्यांचं बोट असं चाटूनपुसून साफ केलं की त्यांना हसू आलं. तासाभरानं सखाराम आला, नेहमीसारखा हॉर्न दाबून राहिला. मशीनमागून ब्र नाही. अनसूयाबाईंनी वाकून पाहिलं. पातळाच्या घडीवर सुभेदार पाय ताणून झोपला होता.

संध्याकाळी हिमानी आली तेव्हा व्यंकटरावांनीच तिला सांगितलं, की आज सुभेदारसाहेबांनी कमाल केली. तिचा चेहरा असा उजळला, की किती दिवसांत उजळला नव्हता. आई, गोळ्या लागू पडल्या, असं म्हणून तिनं चक्क सासूबाईंचा हात धरला. अनसूयाबाईंच्या जिभेवर खरं ते आलं होतं. पण इतक्या आनंदात कुठं मोडता घालायचा, आणि ही शिकलेली, प्रयोगशाळेतली, उगाच चार प्रश्न विचारील. म्हणून त्या गप्प बसल्या. मनात थोडी खुमखुमीही होती, की घ्या, तुमच्या डबीला यश मिळू द्या, गुण कुणाचा ते मला ठाऊक आहे. गुरुवारी पुन्हा गुटी, पुन्हा शांतता. रविवार आता तसा भिववत नव्हता.

शुक्रवारी बोअरची गाडी आली.

टँकरवर किती दिवस काढायचे, म्हणून सोसायटीनं बोअर घ्यायचं ठरवलं होतं. तात्यासाहेबांनी पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ घेऊन पार्किंगमध्ये फिरला आणि बरोबर मंजुषाच्या खिडकीखाली नारळ उभा राहिला. सकाळी आठला गाडीनं तिथंच तोंड घातलं. असा आवाज, की स्वयंपाकघरातली ताटं मांडणीत थरथरायला लागली आणि खिडकीतून दगडाची पांढरी पूड आत यायला लागली. हा आवाज दिवसभर चालणार होता. हिमानीला कामावर जाणं भाग होतं. जाताना तिनं सुभेदाराला अर्धीऐवजी अख्खी गोळी दिली आणि दारातून तीनदा मागं वळून पाहिलं.

अनसूयाबाईंनी नऊला गुटी दिली. सुभेदार झोपला नाही, मशीनमागं डोकं आपटायला लागला. साडेदहाला त्यांनी पुन्हा सहाण घेतली. त्या आवाजात वेढे मोजणंही कठीण होतं. चार झाले की पाच, त्यांचं त्यांनाच कळेना. खालून बोअरची गाडी गुरगुरत होती, आतून पिल्लू रडत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खुलताबादचा डोंगर. त्या उगाळत राहिल्या. जायफळ झालं, मग वेखंड, मग पुन्हा जायफळ. वाटीतलं दूध तपकिरी झालं. सुभेदारानं सगळं प्यायलं. गोड असायचंच ना ते.

अकराच्या सुमारास मंजुषा बाळाला घेऊन वर आली. बाळ रडून रडून निळं पडायच्या बेताला आलं होतं आणि तिच्याही डोळ्यांत पाणी.

“काकू, डोळाच लागंना वं याचा. गाडी लई दणादणा करायलीय. काय करू सांगा ना.”

अनसूयाबाईंच्या हाताला जायफळाचा वास येतच होता. जायफळाचे दोन वेढे वाढव आणि वेखंडाचा एक, असं त्यांनी सांगितलं. मंजुषा बरं म्हणून खाली गेली. तिच्या मनात शंका यायचं काही कारणच नव्हतं. तिच्या सासरच्या चार जणींची पोरंही अनसूयाबाईंच्याच वेढ्यांवर वाढली होती.

बाराच्या पुढं सुभेदाराचं रडणं थांबलं. अनसूयाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि वाकून पाहिलं, तर तो झोपलेला नव्हता. उभा होता. चारही पाय फाकून, एका बाजूला कललेला. डोळ्यांत नुसतं काळं दिसत होतं. हवेत काहीतरी उडत असावं तसा तो तोंड मारत होता, आणि तिथं काहीही नव्हतं. त्यांनी हात पुढं केला तर तो त्या हातालाच घाबरला. ओढून बाहेर काढला तेव्हा जीभ कोरडी ठक्क, हिरड्यांना चिकटलेली. आणि छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात, इतके एकात एक. अनसूयाबाई व्यंकटरावांना हाका मारत राहिल्या, पण बोअरच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. शेवटी पिल्लू पदरात घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

व्यंकटरावांनी चष्मा लावून पाहिलं. आयुष्यभर थट्टा करणारा माणूस, पण यावेळी त्यांनी थट्टा केली नाही. हे भेदरलेलं नाही, म्हणाले, हे दुसरंच काहीतरी आहे. आणि त्यांनीच हिमानीला फोन लावला.

हिमानी दहा मिनिटांत गाडी घेऊन आली. अनसूयाबाई पिल्लाला मांडीवर घेऊन मागं बसल्या. व्यंकटराव घरीच थांबले. रस्ताभर हिमानी एकच वाक्य बोलत होती, की माझंच चुकलं, अर्धीच्या जागी मी अख्खी दिली. या वाक्यावर अनसूयाबाईंनी बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत. आपण दिलेली गुटी होती, विष नव्हतं. ज्यावर शेकडो पोरं वाढली ते याला कसं बाधेल. बोअरच्या आवाजानंच झालं असेल. गोळीनंही झालं असेल. मांडीवर सुभेदार झटके देत होता आणि त्यांचं मन अशी एकामागून एक दारं लावून घेत होतं.

डॉक्टर श्रीरंग तरुण होते, पण हात अनुभवी. टेबलावर ठेवून त्यांनी सुभेदाराचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली आणि हिमानीला विचारायला सुरुवात केली. तिनं गोळीचं सांगितलं आणि रडायलाच लागली. अख्खी काय, चार गोळ्यांनीही एवढं होणार नाही, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं. घरातलं कुणाचं औषध गिळलंय? फिनेल? उंदराचं औषध? उंदराच्या औषधाशी हिमानी थबकली. मागच्या महिन्यात सोसायटीनं पाण्याच्या टाकीजवळ गोळ्या टाकल्या होत्या, पण हा तर खाली गेलाच नाही. गेला असेल का, आई, आज दार उघडं होतं का? डॉक्टर तोवर कपाटाकडं वळले होते. उंदराच्या औषधाची शंका असेल तर उपचार वेगळा, आणि वेळ घालवून चालणार नाही, असं ते कंपाउंडरला सांगत होते.

“थांबा,” अनसूयाबाई म्हणाल्या. “जायफळ दिलंय मी त्याला. जायफळ आणि वेखंड. उगाळून.”

डॉक्टर वळले. “किती?”

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना आकडा सांगता येईना. चार गल्ल्यांत जिचे वेढे चालायचे, तिला आज किती दिलं ते माहीत नव्हतं. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. “एवढं होतं. अख्खं. मंगळवारपासून अर्धं झिजलं. त्यातलं बहुतेक आजच.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. कुत्र्याला जायफळ चढतं, मेंदूला आणि काळजाला. वेखंडही त्याला चालत नाही. आणि झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी असतं असं नाही, काकू, एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले. कोळशाचं औषध, सलाईन, खोलीत अंधार. हिमानी टेबलाच्या पलीकडं उभी होती. तिनं सासूबाईंकडं पाहिलं नाही. ओरडली असती तर अनसूयाबाईंना बरं वाटलं असतं.

“एवढासा जीव,” सुई लावता लावता डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, “वजन ते किती.”

आणि अनसूयाबाईंना मंजुषाचं बाळ आठवलं.

दोन वेढे वाढव. वेखंडाचा एक. आपल्याच तोंडानं. मंजुषा त्यांच्यासारखीच घाबरलेली, त्याच खिडकीखाली तीच गाडी. तिनं तरी वेढे मोजले असतील का? त्यांनी फोन काढला. मंजुषाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग व्यंकटरावांना लावला आणि एका दमात सांगितलं, की खाली जा, मंजुषाच्या घरी जा, बाळाला उठवा, झोपलं असेल तरी उठवा, आणि फोन बंद करू नका.

फोनमधून आधी बोअरच्या गाडीचा आवाज आला, मग व्यंकटरावांच्या चपला जिन्यावर. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखणारा. एकेक पायरी अनसूयाबाईंना ऐकू येत होती. दार वाजवल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. कुणी उघडेना. शिवम कानात बोळे घालून झोपला असणार. अनसूयाबाईंना प्रार्थनाही सुचेना; फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग कडी निघाली. मंजुषाचा आवाज, काका तुम्ही. व्यंकटरावांचं तुटक बोलणं. मग काहीच नाही. गाडीचा आवाज आणि त्याखाली काहीच नाही, किती तरी वेळ.

आणि मग बाळ रडलं. झोपमोड झाल्यावर रडतात तसं, रागानं, गळा काढून. अनसूयाबाई तिथंच बाकावर बसल्या आणि त्यांनीही रडून घेतलं. मंजुषानं जायफळ वाढवलं होतं. बाळ नेहमीपेक्षा जड झोपलं होतं, इतकंच. पण संध्याकाळी ते लोक बाळाला मुलांच्या डॉक्टरबाईंकडं दाखवून आले. त्या बाईंनीही सांगितलं, की बाळ ठीक आहे, पण हे जायफळ आजपासून बंद.

सुभेदार दोन दिवस दवाखान्यात राहिला. पहिला दिवस डॉक्टर काहीच खात्रीनं सांगत नव्हते. हिमानी विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची, ताट वाढून द्यायची, आई म्हणायची, सगळं रीतसर. आणि त्या रीतसरपणानं अनसूयाबाईंचा जीव नकोसा झाला होता. केयूरनं आल्यावर दोघींच्या मध्ये दोन-तीन विनोद करून पाहिले आणि नाद सोडला. बोअर साडेपाचशे फुटांवर गेलं तरी नुसती पूड निघाली. शनिवारी गाडी निघून गेली, नारळ पार्किंगमध्ये पडून राहिला.

रविवारच्या मीटिंगला दरवेळी व्यंकटराव जायचे. यावेळी अनसूयाबाई गेल्या. विषय निघायच्या आधी त्याच उठल्या आणि बारा घरांसमोर त्यांनी सांगितलं, की पिल्लाला मी काय दिलं, मंजुषाला मी काय सांगितलं, आणि यापुढं कुणी मला वेढे विचारू नयेत. मंजुषा मध्येच म्हणाली की काकू, असू द्या वं, तुमच्या हाताला लई गुण हाय. आणि ते ऐकून त्यांना अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिल्लाला एक महिना द्या, एवढंच त्यांनी मागितलं. तात्यासाहेबांकडं बोअरचं उत्तर नव्हतं, कुत्र्याचा विषय काढायला त्यांनाही तोंड नव्हतं. महिना मिळाला.

संध्याकाळी सुभेदार घरी आला. वाळलेला, पण डोळे त्याचेच. डॉक्टरांनी हिमानीला पुन्हा सगळं समजावून सांगितलं आणि निघताना सहज विचारलं, की त्या टँकरवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून कुणी सांगितलंय का? दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच.

कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी अनसूयाबाई वळणावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या, टँकर थांबवला. सखारामनं खिडकीतून मान बाहेर काढून ऐकून घेतलं.

“एवढंच व्हय? आधी सांगायचं की काकू,” तो म्हणाला. “मला काय हौस हाय का. काकांचा नंबर द्या, फोन मारीत जाईन. त्यांनी गेट उघडलं की झालं.”

एवढं सोपं होतं. परत येताना त्यांना आपल्या सहाणेची, त्या वाटीची, तपकिरी दुधाची लाज वाटत राहिली. सगळ्या जगाला उपाय सांगणारी बाई, आणि चार पावलं चालत येऊन एका माणसाशी बोलायचं तिला सुचलं नव्हतं.

घरी हिमानी कामावर निघायच्या तयारीत होती. हातात अर्धी गोळी. ती दारात घुटमळत होती आणि का घुटमळते आहे ते अनसूयाबाईंना समजलं. आज दिवसभर पिल्लू पुन्हा त्यांच्याकडंच राहणार होतं.

“तूच देऊन जा,” त्या म्हणाल्या. “मी त्याला काही देणार नाही. नुसती जवळ बसेन.”

हिमानीनं दह्यातून गोळी दिली, पर्स उचलली, जिना उतरून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि तेही बरंच झालं.

थोड्या वेळानं व्यंकटरावांचा फोन वाजला आणि ते किल्ली घेऊन खाली गेले. हॉर्न वाजला नाही. पण टँकरची मोटर ती मोटरच. खालून घरघर सुरू झाली आणि सुभेदार मशीनमागं शिरला. अनसूयाबाई मशीनशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. आत हात घातला नाही. त्याला ओढलं नाही. हात मांडीवर उघडे ठेवून बसून राहिल्या.

तो रडला नाही, कण्हला. मग नाक बाहेर आलं, मग पांढरा पाय. थरथरत थरथरत तो त्यांच्या मांडीत येऊन बसला आणि त्यानं त्यांच्या उजव्या हाताचं बोट शोधून काढलं. चाटायला लागला. गुटी शोधत होता, मधाची, दुधाची. शुक्रवारी आपल्याला काय झालं आणि कुणी केलं, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हे बोट गोड असतं, एवढंच ठाऊक होतं.

त्या बोटाला आता साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. तरी तो चाटत राहिला. अनसूयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला दुसरा हातही मोकळा नव्हता, तो पिल्लाच्या पाठीवर होता. टँकर रिकामा व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या हलल्या नाहीत.